कुत्र्याचे पोट आणि दिवाळीचे ताट

दिवाळीत दाराशी आलेल्या माणसाच्या हातावर काहीतरी गोड ठेवल्याखेरीज आपण त्याला जाऊ देत नाही. मग वर्षभर जो त्या दाराची राखण करतो, त्यालाच कोरडे कसे ठेवायचे? म्हणून मोडक्या करंजीचा तुकडा त्याच्यापुढे जातो, चकलीचा चुरा जातो, लाडूवरचे तूप चाटायला ताटली जाते. आणि भाऊबीज उलटून घरात मटण शिजले, की पातेल्यातली चरबी व कातडे हा तर त्याचा हक्काचाच वाटा! यात वाईट हेतू कोणाचाच नसतो. उलट ज्या घरात कुत्र्यावर अधिक माया, त्या घरात हा वाटा अधिक मोठा.

परंतु मी पडलो गुरांचा डॉक्टर. नोकरीची वर्षे जनावरांच्या दवाखान्यांतून काढली आणि निवृत्तीनंतर गगनबावड्याला बिऱ्हाड केले. कोल्हापूर जिल्ह्याच्या अगदी पश्चिम टोकाला, सह्याद्रीच्या माथ्यावर वसलेले हे गाव. एका अंगाने करूळचा घाट कोकणात उतरतो, दुसऱ्या अंगाने भुईबावड्याचा. डोक्यावर गगनगड. पावसाळ्यात इथे दिवसचे दिवस समोरचा माणूस दिसत नाही. परंतु दिवाळी आली की आकाश धुतल्यासारखे स्वच्छ होते, आणि पुण्या-मुंबईला स्थायिक झालेली मंडळी आपापली गावातली कुलपे उघडतात. हल्ली त्यांच्या मोटारींतून मुलांबरोबर कुत्रीही येतात. एरवी माझ्या ओट्यावर म्हशी-रेडकांच्या तक्रारी. दिवाळीच्या आठवड्यात मात्र तिथे मखमली पट्टा बांधलेला एखादा शहरी पाहुणा मलूल होऊन पडलेला असतो. त्याच्या आजाराची कारणे अनेक असू शकतात; पण त्यांतल्या एका कारणाबद्दल सुशिक्षित घरांतही फारसे कोणाला ठाऊक नसते. ते म्हणजे स्वादुपिंडदाह. इंग्रजी जाणणारी मंडळी त्याला पॅनक्रिएटायटिस म्हणतात.

पेटीतच पेटलेले फटाके

स्वादुपिंड म्हणजे जठर आणि लहान आतड्याचा पहिला भाग यांच्या बेचक्यात बसलेली एक लांबट, फिकट गुलाबी ग्रंथी. ती तुम्हाआम्हाला असते तशीच कुत्र्यालाही असते. तिची कामे दोन. रक्तातली साखर ताब्यात ठेवणारे इन्शुलिन तयार करणे हे एक. आणि अन्नातली चरबी, प्रथिने व पिष्ट पचवणारा रस आतड्यात सोडणे हे दुसरे.

हा पाचक रस मोठा जहाल असतो. मांसाचे पाणी करणारा रस ज्या ग्रंथीत तयार होतो, ती ग्रंथी स्वतः मांसाचीच. मग ती स्वतःला कशी खात नाही? निसर्गाने त्याची तोड काढली आहे. हा रस ग्रंथीत निद्रिस्त असतो आणि आतड्यात पोहोचल्यावरच जागा होतो. फटाक्यांची पेटी कपाटात निर्धास्त असावी आणि वात अंगणात नेऊनच लावावी, तसा हा प्रकार आहे. स्वादुपिंडदाहात नेमकी ही शिस्त मोडते. फटाके कपाटातच पेटतात. रस ग्रंथीतच जागा होतो आणि ग्रंथी स्वतःलाच पचवू लागते. ती सुजते, शेजारची चरबी जळते, यकृताकडून येणाऱ्या पित्ताच्या वाटेवर दाब येतो. आणि आजार हाताबाहेर गेला तर सूज रक्तावाटे सर्व शरीरभर पसरून मूत्रपिंडे व फुप्फुसेही खचतात.

हे सारे का घडते, याचे एकच एक उत्तर विज्ञानाला अजून देता आलेले नाही. पुष्कळ कुत्र्यांत कारण सापडतच नाही. मात्र काही गोष्टी वाट सोपी करून देतात, हे निश्चित. एकदम पोटात गेलेले तेलकट-तुपकट अन्न; उकिरड्यावरचे किंवा कचऱ्याच्या डब्यातले खाणे; लठ्ठपणा; रक्तात मुळातच चरबीचे प्रमाण जास्त असणे; मधुमेह किंवा थायरॉइडसारखे ग्रंथींचे जुने विकार; आणि फेफऱ्यासाठी दिल्या जाणाऱ्या पोटॅशियम ब्रोमाइडसारखी काही औषधे. मध्यम वयाची व उतारवयाची कुत्री अधिक सापडतात. जातींत मिनिएचर श्नॉझर बदनाम आहे. कॉकर स्पॅनियल, यॉर्कशायर टेरियर व डाक्सहुंड यांचीही नावे त्या यादीत येतात. पण यादीत नाव नाही म्हणून कोणतीही जात सुटलेली नाही.

नमस्कार घालणारी चिंगी

काही वर्षांपूर्वीच्या दिवाळीतली गोष्ट. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला पुण्याहून आलेले एक गृहस्थ आपल्या कॉकर स्पॅनियल कुत्रीला उचलून माझ्याकडे आले. मागोमाग त्यांच्या वृद्ध मातोश्री आणि दहा-अकरा वर्षांचा मुलगा. कुत्रीचे नाव चिंगी. वय नऊ वर्षे, आणि अंगाने चांगली गोलमटोल.

आदल्या रात्री घरात मटणाचा बेत झाला होता. सकाळपासून चिंगीने पाच-सहा वेळा ओकारी केली होती. आधी अन्न पडले, मग नुसता पिवळा फेस. पाणी प्याली की तेही उलटे येई. आजीबाईंनी ओव्याचे पाणी पाजून पाहिले. गृहस्थांचे म्हणणे, अजीर्ण आहे, रात्रीपर्यंत उतरेल. परंतु त्या मुलाने मला एक गोष्ट सांगितली आणि माझे कान टवकारले. तो म्हणाला, "डॉक्टरकाका, ती सारखी नमस्कार करते."

"नमस्कार म्हणजे कसा रे?"

त्याने जमिनीवर बसून तो करून दाखवला. पुढचे पाय पसरून छाती भुईला टेकवायची आणि मागचा भाग उंच धरायचा. कुत्री आळोखेपिळोखे देतानाही असे करतात. पण ते क्षणभर. चिंगी तशीच बराच वेळ राहत होती. पोटाच्या वरच्या भागात कळ येत असली म्हणजे कुत्रे या अवस्थेत थोडा आराम शोधते. मुक्या जीवाची ती तक्रारच असते, फक्त ती वाचणारा हवा. त्या घरात ती वाचली ती सर्वांत लहान माणसाने.

मी तिच्या हिरड्यांना बोट लावले. त्या चिकट आणि कोरड्या होत्या. मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली, तर ती झटकन न बसता सावकाश खाली गेली. म्हणजे अंगातले पाणी आटले होते. पोटाला हात लावताच तिने पोट फळीसारखे ताठ केले आणि मान वळवून माझ्याकडे पाहिले. चावली नाही, नुसते पाहिले.

माझ्या ओट्यावर त्या वेळी म्हशीचे औषध न्यायला आलेले एक शेतकरी बसले होते. ते म्हणाले, "आवं डागतर, कुत्र्याच्या पोटात बी आपल्यावाणीच कळ येती व्हय?"

"आपल्यापेक्षा कमी नाही हो पाटील," मी म्हणालो, "फक्त त्याला बोंबलता येत नाही."

मी सलाईन लावले, ओकारी थांबवण्याचे इंजेक्शन दिले, आणि गृहस्थांना स्पष्ट सांगितले की गाडी काढा आणि आत्ताच कोल्हापूर गाठा. त्यांनी घड्याळाकडे पाहिले. रात्रीची वेळ, पंचावन्न किलोमीटरचा रस्ता, वर सणाचे दिवस. "सकाळपर्यंत थांबलो तर नाही का चालणार?" असे त्यांनी विचारले. त्यात त्यांचा दोष नव्हता. खेडेगावात अपरात्री कुत्र्यासाठी मोटार काढायची म्हणजे लोक हसतील, असे कोणालाही वाटेल. परंतु रक्ताची तपासणी आणि सोनोग्राफी माझ्या ओट्यावर होण्यासारखी नव्हती; आणि अशा रोग्याला रात्रभर एका बाटलीच्या भरवशावर ठेवणे म्हणजे जुगार. मी तसे म्हणताच आजीबाईच उठल्या. "चल रे," त्या मुलाला म्हणाल्या, "माझ्या हातचंच खाल्लंय तिनं. मी मांडीवर घेऊन बसते."

दवाखान्यात काय करतात

या आजाराचे निदान नुसत्या डोळ्यांनी पक्के होत नाही. ओकारी, अन्नावरची वासना उडणे, मरगळ, पोटदुखी, कधी जुलाब, कधी ताप ही लक्षणे दुसऱ्याही दहा आजारांत दिसतात. पिल्लाला ओकारीबरोबर रक्ताचे जुलाब असतील तर पार्व्होची शंका घ्यावी लागते. कुत्र्याने हाड, चेंडू, मोजा असले काही गिळून आतडे बंद झाले असेल, तर शस्त्रक्रिया लागते. विषबाधा असू शकते, गोचिडांचा ताप असू शकतो. म्हणून डॉक्टर एक्स-रे काढायला सांगतात, रक्त तपासतात, सोनोग्राफी करतात. त्यांना पैसे उकळायचे आहेत असा समज करून घेऊ नये. पूर्वी रक्तातल्या अमायलेज आणि साध्या लायपेजच्या आकड्यांवर विसंबत. कुत्र्यांत ते आकडे पुष्कळदा दिशाभूल करतात. आता कुत्र्याच्या स्वादुपिंडातलेच लायपेज ओळखणारी खास चाचणी निघाली आहे. ती आणि सोनोग्राफी यांचा मेळ लक्षणांशी बसला, म्हणजे निदानाला बळकटी येते.

उपचाराचा कणा म्हणजे शिरेतून दिले जाणारे सलाईन. आटलेले पाणी व क्षार भरून निघाले, की सुजलेल्या ग्रंथीला रक्ताचा पुरवठा नीट होतो. दुसरी गोष्ट, वेदना थांबवणे. ही केवळ दया नव्हे, उपचारच आहे; कारण कळ थांबल्याशिवाय कुत्रे खात नाही. तिसरी गोष्ट, ओकारी थांबवणे. त्यासाठी मॅरोपिटंटसारखी चांगली औषधे आज मिळतात. अँटिबायोटिक मात्र प्रत्येक रोग्याला लागतेच असे नाही. या दाहाच्या मुळाशी बहुधा जंतू नसतात. अमेरिकेत २०२२ साली खास कुत्र्यांच्या तीव्र स्वादुपिंडदाहासाठी फुझाप्लाडिब नावाच्या औषधाला सशर्त मान्यता मिळाली. पण सलाईन, वेदनाशमन आणि आहार या तीन पायांवरच हा उपचार मुख्यतः उभा असतो.

आहाराबाबत एक जुना समज सांगितला पाहिजे. आम्ही शिकलो त्या काळी असा रोगी दोन-तीन दिवस कडकडीत उपाशी ठेवण्याचा दंडक होता. ग्रंथीला विश्रांती मिळावी, हा त्यामागचा विचार. आता हा दंडक मागे पडला आहे. उपासाने आतड्याचे अस्तरच दुबळे होते, असे दिसून आले. म्हणून ओकारी आटोक्यात आली, की लवकरात लवकर अगदी थोडे, चरबी जवळजवळ नसलेले अन्न सुरू करतात. कुत्रे खातच नसेल तर नाकातून बारीक नळी घालूनही ते देतात.

चिंगी कोल्हापूरच्या एका दवाखान्यात पाच दिवस होती. तिसऱ्या दिवशी तिने शेपूट हलवली आणि चमचाभर मऊ भात खाल्ला, असा मला फोन आला. सहाव्या दिवशी ती पुण्याला गेली.

सगळ्याच गोष्टींचा शेवट असा होत नाही. त्याच्या मागल्या वर्षी खालच्या अंगाच्या एका गावातून डाक्सहुंड जातीचा एक कुत्रा माझ्याकडे आला, तो तीन दिवस घरीच ओवा, हिंग आणि माणसाच्या पोटदुखीच्या गोळ्यांवर काढून. हिरड्या पिवळ्या पडल्या होत्या आणि लघवी बंद झाली होती. कोल्हापूरच्या वाटेवरच तो गेला. सौम्य स्वादुपिंडदाहातून बहुतेक कुत्री सावरतात. तीव्र स्वादुपिंडदाह जीव घेतो. आणि सुरुवातीच्या काही तासांत या दोहोंतला फरक घरच्या माणसाला ओळखता येत नाही. म्हणूनच वाट पाहू नये, असे आम्ही सांगतो.

आपण त्यांचे देणे लागतो

वाचकांपैकी कित्येकांच्या घरी इन्शुलिनचे इंजेक्शन घेणारे कोणी असेल. त्या इंजेक्शनाचा आणि कुत्र्याच्या स्वादुपिंडाचा जुना संबंध आहे. १८८९ साली स्ट्रासबुर्ग येथे मिंकोव्स्की आणि फॉन मेरिंग या दोघा संशोधकांनी एका कुत्र्याचे स्वादुपिंड काढून टाकले, तेव्हा त्याला मधुमेह झाला, आणि मधुमेहाचे मूळ या ग्रंथीत आहे हे जगाला कळले. पुढे १९२१ साली टोरांटो येथे बँटिंग आणि बेस्ट यांनी कुत्र्यांवरच प्रयोग करून या ग्रंथीचा अर्क उपयोगी पडतो हे दाखवले. १९२२ च्या जानेवारीत तो अर्क लिओनार्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला टोचला गेला. त्याच्याही पूर्वी, १८५६ साली, फ्रेंच शास्त्रज्ञ क्लोद बेर्नार याने कुत्र्याच्या स्वादुपिंडाच्या नळीत पित्त व ऑलिव्हचे तेल सोडून हाच दाह मुद्दाम घडवून पाहिला होता. कुत्र्यांना त्यात कोणी विचारले नव्हते. आपल्या घरच्या एका कुत्र्याच्या ताटाकडे थोडे लक्ष देणे, हे त्या मानाने लहानसेच देणे.

घरच्या माणसांनी काय करावे

कुत्र्याने एकदा ओकारी केली आणि ते पुन्हा हुंदडू लागले, तर घाबरण्याचे कारण नाही. कुत्री गवत खाऊनही ओकतात. परंतु पुढील गोष्टींपैकी काही दिसले तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा: ओकारी पुनःपुन्हा होणे, पाणीही न टिकणे, दिवसभर अन्नाला तोंड न लावणे, पोटाला हात लावू न देणे, नमस्काराची अवस्था, अंग थरथरणे, हिरड्या कोरड्या, फिकट किंवा पिवळ्या दिसणे. पोट ढोलासारखे फुगून कुत्रे नुसतेच उबळ काढीत असेल आणि बाहेर काही पडत नसेल, तर तो वेगळा आणि अधिकच घाईचा आजार आहे. तिथे तासाभराचीही सवड नसते.

माणसाची औषधे कुत्र्याला देऊ नयेत. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक या घरोघरी सापडणाऱ्या वेदनाशामक गोळ्या कुत्र्याचे जठर आणि मूत्रपिंड बिघडवतात. अंगातले पाणी आटलेले असताना तर फारच. ओकणाऱ्या कुत्र्याच्या तोंडात बळेच दूध, तूप, काढा ओतू नये. ते श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. डॉक्टरांकडे जाताना चार गोष्टी लिहून न्याव्यात: काय खाल्ले, केव्हा खाल्ले, किती वेळा ओकले, आणि कोणती औषधे चालू आहेत. मोबाइल हाताशी आहेच. कुत्रे विचित्र अवस्थेत बसत असेल तर त्याचे चित्रीकरण करून न्यावे. डॉक्टरांच्या टेबलावर ते तसे बसेलच असे नाही.

एकदा हा आजार झालेल्या कुत्र्याला तो पुन्हा होऊ शकतो. काहींत तो मुरतो, आणि पुढे मधुमेह किंवा पाचक रसाची कायमची उणीव मागे ठेवतो. अशा कुत्र्याचे पथ्य बहुधा जन्मभराचे असते. मऊ भात, कातडे व चरबी काढून पाण्यात शिजवलेली कोंबडी, अंड्याचा पांढरा भाग, उकडलेला भोपळा हे दोन ऐवजी तीन-चार वेळा थोडे थोडे द्यावे. फोडणी, मीठ-मसाला, तूप काही नको. मात्र केवळ भात-कोंबडीवर महिनेच्या महिने काढले तर कॅल्शियम आणि जीवनसत्त्वांची तूट पडते; तेव्हा कायमचा आहार डॉक्टरांकडून ठरवून घ्यावा.

निरोगी कुत्र्याच्या बाबतीत पथ्य अगदी साधे आहे. वजन आटोक्यात ठेवावे. बरगड्या डोळ्यांना दिसू नयेत, पण हाताला लागाव्यात. रोज फिरवावे. नवे अन्न सुरू करायचे तर आठवडाभरात हळूहळू बदलावे. कचऱ्याचा डबा झाकणाचा असावा. आणि दिवाळीत तळणाची कढई, तुपाचे भांडे, मटणाचे पातेले त्याच्या तोंडापासून दूर ठेवावे. लाडवातले बेदाणे व चिवड्यातल्या मनुका स्वादुपिंडाशी संबंध नसतानाही कुत्र्याच्या मूत्रपिंडांना घातक ठरू शकतात. चॉकलेट आणि कांदाही त्याला विषासारखेच. पाहुण्यांना व मुलांना आधीच सांगून ठेवावे, कारण घरातले चारजण जेव्हा गुपचूप एकेक करंजी देतात, तेव्हा कुत्र्याच्या पोटात चार जातात.

"पण गावातली कुत्री काहीही खातात, त्यांना कुठे काय होते?" हा प्रश्न मला दर दिवाळीत विचारला जातो. गावातले कुत्रे दिवसभर रानोमाळ हिंडते, त्याच्या अंगावर चरबी नसते, आणि तुपकट घास त्याच्या वाट्याला क्वचितच येतो. शिवाय त्यातले एखादे झुडपाआड जाऊन मेले, तर ते कशाने मेले हे पाहायला कोणी जात नाही. जी मरतात त्यांची मोजदाद होत नाही, म्हणून ती मरत नाहीत असे नव्हे.

आमच्या जिल्ह्यात पाडव्याला म्हशींना सजवून मिरवतात. शिंगे रंगवतात, गळ्यात माळा घालतात. पण त्या दिवशी म्हशीला कोणी चकली चारीत नाही. तिला तिची वैरण आणि पेंडच मिळते, फक्त थोड्या अधिक मायेने. कुत्र्याची दिवाळीही तशीच करावी. त्याला नवा पट्टा आणा, तेल-उटणे नको पण कोमट पाण्याची आंघोळ घाला, फटाक्यांच्या वेळी त्याच्याजवळ बसा. उकडलेल्या कोंबडीचा एक तुकडा हातावर ठेवा. मुळात त्याला हवा असतो तो हात. त्यात करंजी आहे की नाही, याचा हिशेब तो ठेवीत नाही. तो आपण ठेवायचा.